फ्लँजचे कोष्टक आणि ग्रासहॉपरच्या तारा: दृश्य प्रोग्रॅमिंगची पहिली ओळख

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या जुन्या पॅटर्नमेकरांकडे, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने (पॅटर्न) करणाऱ्या कारागिरांकडे, दोन पट्ट्या असत. एक नेहमीची आणि दुसरी दिसायला अगदी तशीच, पण जिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर खऱ्या मिलिमीटरपेक्षा किंचित लांब. बीडाचे कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेली वस्तू, थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणून लाकडी पॅटर्न आधीच तेवढा मोठा करावा लागतो. दुसऱ्या पट्टीने माप घेतले की हा गुणाकार वेगळा करावा लागत नाही, कारण तो पट्टीवरच कोरलेला असतो. या पट्टीला काँट्रॅक्शन रूल म्हणतात. ज्याने हे काम जवळून पाहिले आहे त्याला दृश्य प्रोग्रॅमिंग म्हणजे काय हे समजावणे सोपे जाते, कारण एखादा हिशेब मनात न ठेवता वस्तूत बसवून टाकायचा, म्हणजे मूळ माप बदलले तरी पुढचे सगळे आपोआप बदलते, हीच त्यामागची कल्पना आहे.

दृश्य प्रोग्रॅमिंगमध्ये आज्ञा ओळीमागून ओळ टंकाव्या लागत नाहीत. पडद्यावर छोटे ठोकळे मांडायचे, प्रत्येक ठोकळ्याला एक काम द्यायचे आणि एका ठोकळ्याचे उत्तर तारेने दुसऱ्या ठोकळ्याला पोहोचवायचे. आराखड्याच्या क्षेत्रात यासाठी ग्रासहॉपर हे साधन बरेच वापरले जाते. डेव्हिड रुटन यांनी ते रॉबर्ट मॅकनील अँड असोसिएट्स या कंपनीत २००७ मध्ये सुरू केले आणि ऱ्हायनो या त्याच कंपनीच्या त्रिमितीय आराखड्याच्या सॉफ्टवेअरची सहावी आवृत्ती २०१८ मध्ये आली, तेव्हापासून ते ऱ्हायनोबरोबरच मिळते. नाव नाकतोड्याचे आहे, पण त्यावरून काही अर्थ काढू नये.

हा लेख ज्यांना एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्क बऱ्यापैकी येते आणि ठोकळ्यांचा कॅनव्हास पाहिल्यावर मात्र जे बिचकतात, त्यांच्यासाठी आहे. माझे मत असे की त्यांनी बिचकण्याचे कारण नाही, कारण जी भाषा ते शिकायला निघाले आहेत ती अर्धी त्यांना येतेच. स्प्रेडशीटमध्येही एका सेलचे उत्तर दुसऱ्या सेलमध्ये जाते. फरक एवढाच की तिथल्या तारा दिसत नाहीत. म्हणून आपण सुरुवात कॅनव्हासवर न करता कोष्टकापासून करू. उदाहरण एकच घेऊ: पाइपचा बीडाचा फ्लँज, म्हणजे पाइपच्या टोकाची बोल्टने जोडायची गोल चकती. तयार बाहेरचा व्यास २०० मिलिमीटर, जाडी २०, मधले भोक ८०, बोल्टच्या भोकांचे वर्तुळ १६० व्यासाचे आणि त्यावर १८ मिलिमीटरची आठ भोके.

पायरी पहिली: दिलेले आणि निघालेले वेगळे करणे

संगणक सुरू करण्याआधी कागदाच्या मधोमध एक उभी रेघ मारावी. डावीकडे गिऱ्हाइकाने दिलेली किंवा आपण ठरवलेली मापे लिहावीत: बाहेरचा व्यास, जाडी, मधले भोक, भोकांचे वर्तुळ, भोकांची संख्या, प्रत्येक बाजूची मशीनिंगची सूट (मशीनवर कापून काढण्यासाठी ठेवलेला जास्तीचा धातू) आणि आकुंचनाचा दर. उजवीकडे हिशेबाने निघणारी मापे लिहावीत. ही विभागणी वाटते तेवढी सोपी नाही. उदाहरणार्थ, दोन भोकांमधले अंतर हे दिलेले की निघालेले? भोकांचे वर्तुळ आणि संख्या दिली असेल तर अंतर आपोआप ठरते. तेही डाव्या बाजूला लिहिले, तर एकाच गोष्टीचे दोन मालक होतात आणि कधीतरी ते भांडतातच.

आता उजवी बाजू भरू. मशीनिंगची सूट प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटर आणि आकुंचन एक टक्का धरू. बाहेरचा व्यास २०० अधिक दोन्ही बाजूंचे मिळून ६, म्हणजे २०६. त्याला १.०१ ने गुणले की पॅटर्नचा व्यास २०८.०६ येतो. जाडी २० अधिक ६, गुणिले १.०१, म्हणजे २६.२६. मधल्या भोकाचे मात्र उलटे असते. तिथे मशीनवर भोक मोठे होणार असते, म्हणून कास्टिंगमध्ये ते लहान ठेवावे लागते: ८० वजा ६, गुणिले १.०१, म्हणजे ७४.७४. नवखा माणूस बाहेरच्या मापाचे सूत्र जसेच्या तसे भोकालाही लावतो आणि कोअर (भोकाच्या जागी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) मोठा करून बसतो, मग मशीनवर घेण्यासाठी धातूच उरत नाही. म्हणून कागदावर प्रत्येक मापापुढे ‘बाहेरचे’ किंवा ‘आतले’ असे लिहून ठेवावे. बोल्टची भोके बहुधा कास्टिंगनंतर ड्रिल केली जातात, त्यामुळे ती ड्रॉइंगमध्ये असतील, पॅटर्नमध्ये नसतील.

आकुंचनाचा दर धातूप्रमाणे बदलतो. राखाडी बीडासाठी सुमारे एक टक्का, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंसाठी सुमारे १.३ टक्के आणि पोलादासाठी सुमारे दोन टक्के धरण्याची रीत आहे. नेमका आकडा आपल्या फाउंड्रीला विचारूनच घ्यावा. तो बदलणारा आहे, म्हणूनच तो सूत्रात थेट लिहू नये आणि त्याला स्वतःचा एक सेल द्यावा. सूत्राच्या पोटात दडलेला १.०१ सहा महिन्यांनी कोणालाच सापडत नाही.

पायरी दुसरी: न दिसणाऱ्या तारा पाहणे

हे कोष्टक कॅल्कमध्ये किंवा एक्सेलमध्ये भरावे. प्रत्येक ओळीत एक फ्लँज, प्रत्येक स्तंभात एक माप आणि आकुंचनाचा दर सगळ्यांच्या वर, एका वेगळ्या सेलमध्ये. इथे माझ्याकडून घडलेली एक चूक सविस्तर सांगतो, कारण पुढे कॅनव्हासवर तिचीच जुळी बहीण भेटणार आहे.

मी पहिल्या फ्लँजचे सूत्र बरोबर लिहिले: व्यास अधिक दोनदा सूट, आणि सगळे गुणिले एक अधिक दर. दर एफ स्तंभाच्या पहिल्या ओळीत होता. मग सूत्र धरून खाली ओढले. डॉलरचे चिन्ह न लावल्यामुळे दुसऱ्या फ्लँजच्या सूत्राने दर एफ स्तंभाच्या दुसऱ्या ओळीत शोधला, तिसऱ्याने तिसऱ्या. ते सेल रिकामे होते. स्प्रेडशीट अशा हिशेबात रिकाम्या सेलला शून्य समजते, त्यामुळे एक अधिक शून्य म्हणजे एक, आणि एकने गुणून सगळे आकडे दिसायला अगदी शहाण्यासारखे आले. कुठेही लाल अक्षर नाही, कुठेही त्रुटीचा संदेश नाही. त्या यादीतल्या ५०० मिलिमीटरच्या फ्लँजचा पॅटर्न ५११.०६ ऐवजी ५०६ चा झाला. कास्टिंग आकसून ५०१ च्या आसपास आले, म्हणजे प्रत्येक बाजूला मशीनिंगसाठी तीनऐवजी जेमतेम अर्धा मिलिमीटर. लेथवर बांधल्यावर कास्टिंगची काळी कातडी एका अंगाला तशीच राहिली. माल भंगारात गेला आणि पॅटर्न नव्याने करावा लागला, तोही माझ्या खर्चाने.

यावर उपाय दोन. पहिला सगळ्यांना माहीत असतो: ज्या सेलला जागेवरून हलू द्यायचे नाही त्याच्या स्तंभाच्या अक्षराआधी आणि ओळीच्या आकड्याआधी डॉलरचे चिन्ह लावणे, किंवा त्या सेलला सरळ नावच देणे. दुसरा उपाय फार थोडे लोक वापरतात. कॅल्कच्या टूल्स मेनूत डिटेक्टिव्ह नावाचा विभाग आहे आणि एक्सेलच्या फॉर्म्युलाज या टॅबवर ट्रेस प्रेसिडेंट्स ही आज्ञा आहे. कोणताही सेल निवडून ती चालवली की त्या सेलला जिथून जिथून आकडा येतो तिथून बाण काढून दाखवले जातात. माझ्या कोष्टकावर हा प्रयोग आधी केला असता, तर दुसऱ्या ओळीतला बाण रिकाम्या सेलकडे गेलेला दिसला असता.

या बाणांकडे नीट पाहावे. आराखड्याच्या कॅनव्हासवर दिसणाऱ्या तारा त्याच. खरे तर दोन्ही घराण्यांचा उगम एकाच गरजेत आहे. डॅन ब्रिकलिन हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकत असताना फळ्यावर मांडलेल्या कोष्टकातला एक आकडा पुसला की पुढचे सगळे पुन्हा लिहावे लागतात, हे पाहून त्यांना आपोआप बदलणाऱ्या फळ्याची कल्पना सुचली आणि १९७९ मध्ये बॉब फ्रँकस्टन यांच्यासोबत त्यांनी ॲपल टू या संगणकासाठी व्हिजिकॅल्क आणले. चित्रांच्या बाजूला त्याही आधी, १९६३ मध्ये, आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीमध्ये स्केचपॅड केले होते, ज्यात रेषांमध्ये नाती बांधता येत. आकडा पुसला की फळा बदलावा, रेषा हलवली की चित्र बदलावे, हे मागणे एकच आहे.

एक नियमही दोन्हीकडे समान आहे. उत्तर फिरून स्वतःच्याच पोटात येता कामा नये. कॅल्कमध्ये असे केले की ५२२ क्रमांकाची त्रुटी येते. ग्रासहॉपरमध्ये तार मागे वळवून जोडायला गेल्यास ते सांगते की हा प्रवाह स्वतःकडेच परत येतो, आणि नकार देते. प्रवाह एकाच दिशेने, डावीकडून उजवीकडे.

पायरी तिसरी: साधन निवडणे

ऱ्हायनो हे विकत घ्यायचे सॉफ्टवेअर आहे, पण त्याची ९० दिवसांची पूर्ण चाचणी आवृत्ती मिळते. घाईने ती उतरवून घेऊ नये. पहिल्या दोन पायऱ्या पूर्ण करून, कागद हातात घेऊनच ते घड्याळ सुरू करावे, नाहीतर महिनाभर मेनू पाहण्यातच जातो. पैसे खर्च करायचे नसतील तर ब्लेंडर हे त्रिमितीय सॉफ्टवेअर मोफत आहे आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या २.९२ या आवृत्तीपासून त्यात जिओमेट्री नोड्स, म्हणजे असेच ठोकळे आणि तारा, आहेत. यंत्रभागांच्या मापासाठी मात्र ते मला तितकेसे सोयीचे वाटत नाही. फ्रीकॅड हेही मोफत असून त्यातच एक स्प्रेडशीट असते. सेलला टोपणनाव द्यायचे आणि आराखड्यातल्या मापाच्या रकान्यात ते नाव लिहायचे, की सेल बदलला तर मॉडेल बदलते. तारा दिसत नाहीत, पण एकट्या फ्लँजसाठी ते पुरेसे आहे, आणि ज्याचे काम तेवढेच आहे त्याने पुढे वाचण्याऐवजी तेच करावे. इमारतींचे काम करणाऱ्यांना रेव्हिटमध्ये डायनॅमो मिळेल. ठोकळ्यांची नावे वेगळी, पण विचार तोच.

पुढचे सगळे ग्रासहॉपर धरून लिहितो.

पायरी चौथी: कॅनव्हासवर पहिले तीन ठोकळे

ऱ्हायनोच्या आज्ञापट्टीत ग्रासहॉपर असे टंकले की वेगळी खिडकी उघडते. वरच्या पट्टीतली शेकडो चिन्हे पाठ करण्याच्या फंदात पडू नये. कॅनव्हासच्या मोकळ्या जागेवर दोनदा क्लिक केले की शोधपेटी येते आणि तिच्यात नाव टंकले की ठोकळा मिळतो. त्याच पेटीत १००, ‘पेक्षा लहान’चे चिन्ह, २००, पुन्हा तेच चिन्ह आणि ६०० असे सलग लिहिले, तर १०० ते ६०० पर्यंत सरकणारा आणि सध्या २०० वर असलेला नंबर स्लायडर तयार होतो. हा आपला बाहेरचा व्यास. त्यावर उजवे क्लिक करून त्याला लगेच नाव द्यावे. नाव न दिलेले सात स्लायडर एकाखाली एक पडले की कोणता कशाचा हे तासाभरातच विसरायला होते.

कागदावर डावीकडे लिहिलेल्या प्रत्येक मापाला एक स्लायडर. ते सगळे कॅनव्हासच्या डाव्या काठाला, कागदावर होते त्याच क्रमाने लावावेत. मग ॲडिशन, सबट्रॅक्शन आणि मल्टिप्लिकेशन हे ठोकळे आणून पहिल्या पायरीतला हिशेब उभा करावा. ठोकळ्याच्या डाव्या अंगाला आत येणारे दरवाजे आणि उजव्या अंगाला बाहेर जाणारे. उजव्या दरवाजातून तार ओढून पुढच्याच्या डाव्या दरवाजात सोडायची. एकाच दरवाजात दुसरी तार सोडली की पहिली निघून जाते. दोन्ही हव्या असतील तर शिफ्ट धरून जोडावे आणि कंट्रोल धरून तीच हालचाल केली की तार सुटते.

आता सगळ्यात महत्त्वाचा ठोकळा: पॅनेल. हा पिवळा कागद फक्त समोरून जाणारा आकडा दाखवतो. पॅटर्नच्या व्यासाच्या उत्तराला पॅनेल जोडून तिथे २०८.०६ दिसते का ते पाहावे, मग जाडीला, मग मधल्या भोकाला. कागद आणि पॅनेल जुळल्याशिवाय एकही वर्तुळ काढू नये. मी आजही हिशेबाच्या प्रत्येक टप्प्यावर एक पॅनेल ठेवतो, आणि कॅनव्हास त्यामुळे कुरूप दिसतो हे मान्य आहे.

ठोकळ्याचा रंग काय सांगतो तेही इथेच शिकून घ्यावे. करडा म्हणजे काम सुरळीत, नारिंगी म्हणजे इशारा, बहुधा काहीतरी जोडायचे राहिले आहे, आणि लाल म्हणजे चूक. नवशिके लालला घाबरतात. भीती करड्याची बाळगावी, कारण चुकीचा आकडा घेऊन मुकाट्याने चालणारा ठोकळाही करडाच असतो.

पायरी पाचवी: फ्लँज उभा करणे

सर्कल हा ठोकळा त्रिज्या मागतो, व्यास नव्हे. पहिला फ्लँज दुप्पट मोठा आला तर कारण हेच. आधी आपण ड्रॉइंगचा, म्हणजे तयार मापांचा फ्लँज करू. बाहेरच्या व्यासाला दोनने भागून एक वर्तुळ, मधल्या भोकाला दोनने भागून दुसरे आणि भोकांच्या वर्तुळासाठी तिसरे. हे तिसरे नुसते मार्गदर्शक आहे. ते डिव्हाइड कर्व्ह या ठोकळ्यात सोडून संख्या आठ दिली की वर्तुळावर समान अंतराने आठ बिंदू मिळतात. ते बिंदू आणखी एका सर्कलच्या प्रतलाच्या दरवाजात सोडावेत आणि त्रिज्या ९ द्यावी. आठ भोके तयार. संख्येचा स्लायडर आठवरून बारावर नेला की भोके बारा होतात, कोन मोजावे लागत नाहीत. हुपरीत पैंजणाला समान अंतरावर घुंगरू बसवणाऱ्या कारागिराचा प्रश्नही हाच आहे आणि उत्तरही हाच ठोकळा.

आता बाहेरचे वर्तुळ, मधले भोक आणि आठ छोटी वर्तुळे अशी दहा वर्तुळे बाउंड्री सर्फेसेस या ठोकळ्यात शिफ्ट धरून सोडायची. भोके असलेली एक चकती मिळायला हवी. बहुतेकांना मात्र फक्त मधले भोक असलेली चकती मिळते आणि बोल्टच्या भोकांच्या जागी आठ छोट्या चकत्या चिकटलेल्या दिसतात. इथे बरेच जण कॅनव्हास बंद करून चहाला जातात आणि परत येत नाहीत, म्हणून या जागी थोडे थांबू.

पायरी सहावी: मोळ्या

ग्रासहॉपरमध्ये आकडे किंवा आकार सुटे फिरत नाहीत, ते गठ्ठ्यांत बांधलेले असतात. फडातून निघालेल्या उसाच्या मोळ्या डोळ्यांसमोर आणाव्यात. एक ऊस म्हणजे एक आकडा. बांधलेली मोळी म्हणजे यादी. अनेक मोळ्या भरलेली गाडी म्हणजे ज्याला ग्रासहॉपर डेटा ट्री म्हणते ते, आणि प्रत्येक मोळीवर महिरपी कंसात तिचा पत्ता लिहिलेला असतो. ठोकळा एका पत्त्याच्या मोळीवर एकदा काम करतो. बाहेरच्या आणि मधल्या वर्तुळाची मोळी एका पत्त्यावर आणि डिव्हाइड कर्व्हने बांधलेली आठ भोकांची मोळी दुसऱ्या पत्त्यावर असेल, तर बाउंड्री सर्फेसेसला ती दोन वेगळी कामे वाटतात. त्याने आपल्या समजुतीप्रमाणे बरोबरच केलेले असते.

तारांकडे पाहूनही हे कळते. एकच वस्तू जात असेल तर तार बारीक एकेरी असते, यादी जात असेल तर जाड दुहेरी आणि अनेक मोळ्या जात असतील तर दुहेरी पण तुटक. तार नारिंगी असेल तर तिच्यातून काहीच जात नाही.

सोपा उपाय म्हणून सगळीकडे फ्लॅटन सुचवले जाते. दरवाजावर उजवे क्लिक करून फ्लॅटन निवडले की सगळ्या मोळ्या सोडून एकच ढीग होतो आणि एका फ्लँजपुरते काम होऊन जाते. तरी नवशिक्यांनी ही सवय लावून घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण उद्या पाच फ्लँज एकदम करायचे म्हटले की पाचही फ्लँजची वर्तुळे त्याच ढिगात पडतात आणि कोणते भोक कोणाचे हे संगणकालाही सांगता येत नाही. त्याऐवजी बाहेरच्या आणि मधल्या वर्तुळाच्या उत्तरावर उजवे क्लिक करून ग्राफ्ट निवडावे. ग्राफ्ट प्रत्येक उसाची वेगळी मोळी बांधतो आणि पत्त्यात एक आकडा वाढवतो. डिव्हाइड कर्व्हनेही तसाच एक आकडा वाढवलेला असतो, त्यामुळे पत्ते जुळतात. जुळले की नाही हे तर्काने ठरवू नये. तिन्हींना पॅनेल जोडावे आणि कंसातले पत्ते डोळ्यांनी ताडून पाहावेत.

चकती बरोबर आली की ती एक्स्ट्रूड या ठोकळ्याच्या पायाच्या दरवाजात द्यावी आणि दिशेच्या दरवाजात युनिट झेड (उभी दिशा) देऊन युनिट झेडला जाडीचा आकडा द्यावा. फ्लँज उभा राहतो. त्याच स्लायडरांवरून पॅटर्नचा दुसरा प्रवाह काढायचा: इथे २०८.०६, ७४.७४ आणि २६.२६ ही निघालेली मापे घ्यायची आणि बोल्टची भोके वगळायची. म्हणजे एका कॅनव्हासवरून ड्रॉइंग आणि पॅटर्न दोन्ही निघतात आणि व्यास बदलला तर दोन्ही एकदम बदलतात.

पायरी सातवी: कोष्टक आत आणणे

पाच फ्लँजसाठी पस्तीस स्लायडर लावणे शहाणपणाचे नाही. आपले कोष्टक सीएसव्ही स्वरूपात, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, साठवावे. कॅनव्हासवर फाइल पाथ, मग रीड फाइल, मग टेक्स्ट स्प्लिट असे तीन ठोकळे जोडावेत आणि टेक्स्ट स्प्लिटला विभाजक म्हणून स्वल्पविराम द्यावा. पहिली ओळ शीर्षकांची असते, ती रीड फाइलनंतर कल इंडेक्सने काढून टाकावी. इथे मोजणी शून्यापासून होते, त्यामुळे पहिल्या ओळीचा क्रमांक शून्य आणि पहिल्या स्तंभाचाही शून्य. पुढे लिस्ट आयटमने हवा तो स्तंभ उचलायचा. प्रत्येक ओळीची वेगळी मोळी झालेली असते, त्यामुळे वर सांगितलेली ग्राफ्टची शिस्त पाळली असेल तर पुढच्या ठोकळ्यांना हात लावावा लागत नाही. पाचही फ्लँज एकाच केंद्रावर एकमेकांत घुसून दिसतील, तेवढे त्यांना मूव्हने बाजूला सरकवावे.

साठवताना एक दक्षता. कोष्टकात किमतीचा किंवा वजनाचा स्तंभ असेल आणि आकडे आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन, १,२५,००० असे दिसत असतील, तर टेक्स्ट स्प्लिट त्या एका आकड्याचे तीन तुकडे करू शकतो आणि पुढचे सगळे स्तंभ सरकतात. सीएसव्ही करण्याआधी असे स्वरूपण काढून साधे आकडे ठेवावेत.

आता माझ्या चुकीची ती जुळी बहीण. स्तंभ पॅनेलात चिकटवून आणण्याची सोपी रीतही आहे: पॅनेलवर उजवे क्लिक करून मल्टिलाइन डेटा बंद केले की प्रत्येक ओळ वेगळा आकडा होते. समजा व्यास पाच चिकटवले आणि जाड्या चुकून चारच. ग्रासहॉपर तक्रार करत नाही. आखूड यादीतला शेवटचा आकडा तो पुन्हा वापरतो आणि पाचव्या फ्लँजला चौथ्याची जाडी मिळते. सगळे ठोकळे करडे. स्प्रेडशीटने रिकाम्या सेलला शून्य समजून जे केले तेच हे. म्हणून याद्या चिकटवल्यावर प्रत्येकीला लिस्ट लेंग्थ जोडून संख्या समान आहे का हे पाहणे मी सक्तीचे मानतो. फाइलमधून ओळीच्या ओळी आणल्या तर हा धोका बराच कमी होतो, कारण प्रत्येक फ्लँजची मापे एकाच मोळीत बांधून येतात.

पायरी आठवी: बाहेर काढणे

ऱ्हायनोच्या खिडकीत दिसणारा लाल अर्धपारदर्शक आकार ही केवळ झलक असते, ऱ्हायनोच्या फाइलमध्ये अजून काहीच नसते. हे न कळल्यामुळे रिकामी फाइल पाठवणारे मी पाहिले आहेत. शेवटच्या ठोकळ्यावर उजवे क्लिक करून बेक निवडले की खरा आकार तयार होतो, पण त्याच क्षणी त्याचे तारांशी नाते तुटते. नंतर स्लायडर हलवला तर बेक केलेला आकार बदलत नाही. त्यामुळे फाइलच्या नावात तारीख आणि आकुंचनाचा दर लिहिण्याची पद्धत ठेवावी, नाहीतर कोणता पॅटर्न कोणत्या दराने काढला यावर महिन्याभरानंतर वाद होतात. ग्रासहॉपरची फाइल, सीएसव्ही आणि ऱ्हायनोची फाइल एकाच फोल्डरमध्ये असाव्यात. सीएसव्ही दुसऱ्याच्या संगणकावर राहिली की फाइल पाथ तिथेच अडतो.

बेक केलेला आकार ऱ्हायनोच्या मापपट्टीने पुन्हा मोजावा आणि पहिल्या पायरीतला कागद समोर ठेवावा: २०८.०६, ७४.७४, २६.२६. मग पॅटर्नचे मॉडेल एसटीएल या फाइल-स्वरूपात काढून सीएनसी मशीनवर किंवा थ्रीडी प्रिंटरवर देता येते. त्याआधी पॅटर्नमेकर मिस्त्रींना दोन प्रश्न विचारून घ्यावेत. पॅटर्न वाळूतून कोणत्या दिशेने उचलणार आणि उभ्या बाजूंना ड्राफ्ट, म्हणजे उतार, किती अंश ठेवायचा. आपला फ्लँज अजून सरळ भिंतींचा आहे, तो तसाच उचलला तर मोल्डची, म्हणजे वाळूच्या साच्याची, कड ढासळेल. मिस्त्रींनी सांगितलेला अंश हा डाव्या काठावरचा आठवा स्लायडर.